जेवणाचं गाणं

आजवरचं सगळ्यांत थोर गाणं कोणतं, असा विषय निघाला की आमच्या घरातली पुरुषमंडळी पुढ्यातलं ताट गार करून भांडतात. नवरा एक सांगतो, दीर दुसरं सांगतो, मुलं तिसरंच लावून बसतात. मी या वादात पडत नाही. माझं उत्तर लहानपणीच ठरलेलं आहे, आणि ते माझ्या एकटीचं नसून माझ्या माहेरच्या अख्ख्या गावाचं आहे. गाण्याचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्हीही भांडायला लागाल आणि माझं सांगायचं राहून जाईल.

माझं माहेर धसईच्या बाजूला. गाव म्हणजे मधे एक मोठी वस्ती, आणि ओढ्यापलीकडे नि टेकाडावर विखुरलेले पाडे. लग्नाचं जेवण चूलबंद असायचं. म्हणजे त्या दिवशी गावात कोणी घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. आमंत्रण सोपं होतं, वेळ कळवणं अवघड होतं. भात झाला की पूर्वी एक माणूस पाड्यापाड्यांवर हाका मारत फिरायचा. तो शेवटच्या पाड्यावर पोचेपर्यंत पहिल्या पाड्यावरची माणसं जेवून, झोपून उठलेली असायची, असं माझा काका सांगायचा. काकाला वाढवून सांगायची सवय होती.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. आमचं घर एकत्र होतं. काका-काकूला मूल नव्हतं, त्यामुळे मी आईची कमी आणि त्यांचीच जास्त होते. भातशेती करून काका माईक लावायचा धंदा करायचा. एक अ‍ॅम्प्लिफायर, एक तबकड्यांचं यंत्र, आंब्यावर बांधायचे दोन भोंगे आणि वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी, एवढा त्याचा संसार. त्या पेटीला हात लावायची घरात कुणाचीच टाप नव्हती. काकूला स्वतःचा नवरा हवा असला तर ती पेटीजवळ शोधायची.

लग्नात काकाची गाणी ठरलेली असत. पहाटे एक देवाचं. हळद दळायला बायका बसल्या की एक ठसकेबाज. वऱ्हाड वेशीत आलं की बँडचं. मंगलाष्टकांना यंत्र बंद. आणि अक्षता पडून भात उतरला की ते गाणं. त्याला आम्ही जेवणाचं गाणंच म्हणायचो. वास्तविक त्या गाण्यात जेवणाचं अवाक्षर नाही. कुठल्याशा जुन्या मराठी सिनेमातली बाई अंगणात उभी राहून कुणाची तरी वाट बघते, एवढंच आहे. तो सिनेमा आमच्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. कधीतरी भात उतरायला आणि काकानं ती तबकडी लावायला एकच गाठ पडली असेल आणि पुढे तेच चालू राहिलं.

सुरुवातीला सनई. मग ढोलकी. मग बाईचा आवाज. पण बाईपर्यंत कोण थांबतोय! सनईचे दोन सूर आले की टेकाडावरून माणसं उतरायला लागायची. कडेवर पोर, खांद्यावर टॉवेल, ओढ्यातून लुगडी वर धरून बायका. कुत्री त्यांच्याही आधी पोचलेली असायची. तबकडीवर एका जागी चरा होता. दुसऱ्या कडव्यात सुई उडायची आणि एक ओळ गाळून पुढे जायची. आम्ही सगळे ते गाणं तसंच म्हणायचो, ओळ गाळून. एकदा मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर हॉटेलात रेडिओवर ते गाणं लागलं आणि मी ती जादाची ओळ ऐकली. मला वाटलं रेडिओवाल्यांनी मधेच काहीतरी घुसडलंय. घरी येऊन सांगितलं तर काका म्हणाला, "रेडिओचं काय खरं नाय. आपली तबकडी जुनी हाय."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझं लग्न खर्डीकडच्या मुलाशी ठरलं. शहापूर तालुका आमच्यापासून काही परदेश नाही, पण आमच्याकडच्या बायका 'लांब दिली गो पोर' असं म्हणून आईला धीर द्यायच्या.

वैशाख होता. वऱ्हाड दुपारी यायचं होतं. ट्रकचं टायर किन्हवलीजवळ बसलं आणि वऱ्हाड आलं ते चांगलं ऊन कलल्यावर. मुहूर्त त्यामुळे पुढचा धरावा लागला. इकडे गाव सकाळपासून चूलबंद. आलेली माणसं वाट बघून कंटाळली आणि निम्मी आंब्याखाली, निम्मी आपापल्या पडव्यांत आडवी झाली. "गानं लागलं की येतो," असं सांगून गेली. वडिलांनी आचाऱ्याला बजावलं होतं की अक्षता पडल्याशिवाय भाताला आधण ठेवायचं नाही, पाहुण्यांना गरम भात मिळाला पाहिजे. डाळ झाली होती, वाटाण्याची भाजी झाली होती, बुंदी होती. भाताच्या हंड्यात नुसतं पाणी होतं.

मी आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. खिडकीच्या बाहेर पडवी, आणि पडवीत काकाचं टेबल. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलेलं आहे. यातलं एक अक्षरही काकाकडून घेतलेलं नाही.

नवऱ्याचे मामा पडवीत आले. मामा मुंबईला नोकरीला, रोज खर्डीहून जाऊन येऊन करणारे. गॉगल केसांवर चढवलेला. गाण्यातलं आपल्याला कळतं असं त्यांना वाटायचं, आणि त्यांनी खिशातून एक कॅसेट काढून काकापुढे ठेवली.

"काका, ही लावा. टॉपची गाणी हायत. कल्याणला दुकानात बसून एकेक भरून घेतली."

काकानं कॅसेट उलटीपालटी करून बघितली. "निवडली कुनी?"

"मीच."

"मंग टॉपची कशी?"

इथे मामांनी सोडून द्यायला हवं होतं. पण मुलाकडची माणसं होती ती. "अहो, आजवरची सगळ्यात मोठी गाणी हायत यात. सगळ्या मुंबईत जाऊन विचारा."

"मुंबईला इचारायला मला टाइम नाय. मोठं गानं म्हंजे काय, त्ये सांगा आदी."

"ऐकलं की डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"पानी कांद्यानं पन येतं. जा, आचाऱ्याला इचारा."

पडवीत हशा झाला. मामांच्या मागे त्यांची चार माणसं येऊन उभी राहिली होती, काकाच्या मागे आमची. मामा तापले. "मोठमोठ्या हॉलमधे लोक उभं राहून टाळ्या वाजवतात या गाण्यांना."

"टाळ्या बसून पन वाजतात. खुर्ची टोचत असंल त्यांना."

"मग तुमचं म्हणणं काय? तुमच्याकडे हाय का एक तरी गाणं, ज्याला मोठं म्हणावं?"

काकाचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखत होते. बैल अडून बसला की काका असाच हळू बोलायचा. "गानं वाजलं की मानूस जागचा हलला पायजे. नुसतं मान हलवून नाय. मानूस हलला पायजे."

"हलवून दाखवा!" मामा म्हणाले.

काकू माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होती. दोऱ्याचं टोक तिच्या दातांत होतं. तिनं खिडकीकडे बघितलं, डोळे मोठे केले आणि दातांतला दोरा न सोडता 'अंहं, अंहं' असं ओरडली. एवढ्यात सनई सुरू झाली.

मी तुम्हाला सांगते, आपल्या लग्नात आपल्याला भूक लागते हे नवरीनं कुणाला सांगायचं नसतं. पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

आंब्याखालचे उठले. पडव्यांतले उठले. त्यांना वाटलं आपल्याला डोळा लागला तेवढ्यात अक्षता पडल्या. टेकाडावरून पाडे उतरले. मांडवात बसलेल्यांना खरं तर नवरानवरी दिसत नव्हती, पण बाकीचे पंगतीकडे पळताहेत म्हटल्यावर त्यांचाही जीव राहीना, पहिल्या पंगतीत जागा कोण सोडतो? घराखालच्या भाताच्या खाचरात पंगतीची जागा केली होती. गाण्याचं दुसरं कडवं येईपर्यंत खाचर भरलं. सुई उडाली, ओळ गळली, आणि पत्रावळी मांडून गाव बसलंसुद्धा.

काका मामांकडे बघून म्हणाला, "हलली?" आणि मग त्याच्या लक्षात आलं.

मांडवात राहिले भटजी, माझा नवरा, त्याची आई आणि त्याचे मामा. भटजींचा शिधा वेगळा होता म्हणून ते राहिले. नवऱ्याला जायची सोय नव्हती. वडील आचाऱ्याकडे गेले, हंड्यात डोकावले, आणि तसेच परत आले. त्यांचा चेहरा मी खिडकीतून बघितला आणि मला पहिल्यांदा रडू आलं. त्याआधी रडायला बायकांनी मला बरंच सांगितलं होतं, पण येत नव्हतं.

काकानं माणसं परत आणायची शिकस्त केली. हळदीचं गाणं लावलं, पंगतीतल्या बायकांनी बसल्या जागी टाळ्या धरल्या. वऱ्हाडाचं लावलं, कुणी मागे वळूनही बघितलं नाही. देवाचं लावलं, म्हाताऱ्यांनी हात जोडले. शेवटी तो स्वतः खाचरात उतरला आणि हात जोडून म्हणाला, "उठा रे बाबांनो, लगीन लागायचंय." ओढ्यापलीकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा होता, तो पत्रावळीवर हात ठेवून म्हणाला, "तू लाव लगीन. आमी काय पळून जातंय का? उठलो तर जागा परत कोन देल?"

जगातली सगळी टॉपची गाणी एकापाठोपाठ एक लावली असती, तरी भुकेला माणूस पंगतीतून उठला नसता. मामांची कॅसेट टेबलावर तशीच पडून होती. तीही लावून बघा, असं म्हणायची हिंमत मामांना झाली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. वडील मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मुलाकडच्यांपुढे मांडव रिकामा, यापेक्षा मोठा अपमान त्यांना सुचत नव्हता. सगळे माझ्या सासूबाईंकडे बघत होते. सासूबाई कमी बोलणाऱ्या. कमी बोलणाऱ्या बाईची भीती जास्त वाटते. त्यांनी पदर खोचला, खाचराकडे बघितलं, भटजींकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मानसं येत नायत ना? मंग आपून जाऊ. घ्या पोरीला."

माझं लग्न पंगतीत लागलं. दोन ओळींच्या मधे अंतरपाट धरला. एक टोक काकाच्या हातात, दुसरं मामांच्या. मंगलाष्टकं चालू होती आणि अंतरपाटावरून मला मामांची कुजबूज ऐकू येत होती, "मान हलली फक्त, असं नाय म्हणणार मी." आमची माणसं बसल्या बसल्या अक्षता टाकत होती. निम्म्या अक्षता त्यांच्याच पत्रावळींत पडल्या.

पुढे भाताला आधण ठेवलं, तांदूळ वैरले, तो शिजला. तोवर पंगत हलली नाही. गाव बसून राहिलं आणि गाणी म्हणत राहिलं, आणि मामाही शेवटी त्यांच्यात जाऊन बसले. कोणतं गाणं थोर यावर खाचरात जी चर्चा झाली ती ऐकायला मी नव्हते. सूर्य खाली चालला होता. दिवेलागणीच्या आत सून उंबऱ्यावर आली पाहिजे, असा सासूबाईंचा हट्ट होता. "जेवन घरी जाऊन करू," त्या म्हणाल्या. भाताच्या हंड्यावरचं झाकण काढलं, वाफ वर आली, आणि आमचा ट्रक सुटला. काकूनं बुंदीची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली होती. मी रडत होते, म्हणून ती मामांनी धरली आणि किन्हवली यायच्या आत संपवली.

मला पोचवायला काका आला नाही. तो आंब्याखाली वायरी गुंडाळत बसला होता.

मी काही उपाशी मेले नाही. सासरी पोचल्यावर पोटभर जेवले, आणि पुढे गावात माझ्याइतकं कुणाचंच लग्न लोकांच्या लक्षात राहिलं नाही, याचा मला आतून अभिमानच होता. पण पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा काकू म्हणाली, "काकानं ती तबकडी ठेवून दिलीय. लावीत नाय."

"का?"

"म्हनतो, माज्या गान्यावर आख्खा गाव जेवला, माजी पोर तेवडी उपाशी गेली."

मी काकाला जाऊन समजावलं. म्हटलं, सासरी काय कमी पडलं का मला? म्हटलं, मी स्वतः कुणाला सांगताना हसते. काका पेटी पुसत राहिला. "तुला काय कळतं गो," एवढंच म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं आणि तो ते मनातून कुणाला काढू देणार नव्हता. मला त्याचा राग आला आणि त्याच्याजवळ बसावंसंही वाटलं.

गावाची मात्र पंचाईत झाली. काका जेवणाला दुसरी गाणी लावून बघायला लागला. नाचाचं लावलं तर नुसती पोरं आली. भजन लावलं तर लोकांना वाटलं कुणाचा तरी दहावा आहे, बायका तोंड पाडून आल्या. एक नवं, तेव्हा सगळीकडे गाजलेलं लावलं, त्याला कुणीच आलं नाही, भात गार झाला. धसईच्या बाजारात चहाच्या टपरीवर यावर गंभीर चर्चा व्हायच्या. भाजी विकायला आलेली माणसं गिऱ्हाईक सोडून सांगायची की जेवणाला कोणतं गाणं चालेल. एकजण म्हणे, सनई असलेलं पाहिजे. दुसरा म्हणे, बाईचा आवाज पाहिजे, पुरुष हाक मारतो म्हणजे कामालाच बोलावतो. मोठमोठ्या गायकांची नावं तिथे आली आणि नापास होऊन गेली. पंगतीतून उठायला नकार देणारा तो म्हातारा तर प्रत्येक गाण्याला एकच शेरा द्यायचा, "बरं हाय. पन चव नाय."

मग मोबाइल आले आणि भात झाला की लोक एकमेकांना मिस कॉल द्यायला लागले. काकाची पेटी लग्नाला कमी आणि गणपतीत आरतीला जास्त जाऊ लागली. वाद तेवढा संपला नाही.

इकडे सासरी सासूबाईंनाही विषय पुरला होता. मला स्वयंपाकाला उशीर झाला की त्या ओट्यापाशी येऊन म्हणायच्या, "काकाला सांग, गानं लावू नको म्हनावं. भात व्हायचाय." आणि वेळेत झाला की, "सांग काकाला, लाव म्हनावं." मला हसू यायचं. सासू चेष्टा करते आहे, म्हणजे घरात आपलं बरं चाललंय, एवढं मला कळत होतं. ही गंमत मी एकदा काकाला सांगितली. चूक केली. काका हसला नाही. "विहीनबायच्या मनात हाय अजून," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो माझ्या घरी यायचं टाळायला लागला. टोकावड्याला भाचीकडे जायचा, शहापूरला कोर्टाच्या कामाला यायचा, खर्डीला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा घरात डीजेची बोलणी सुरू झाली. त्या संध्याकाळी मी आणि सासूबाई तांदूळ निवडत होतो, आणि मी काकाचं सगळं त्यांना सांगून टाकलं. तबकडी का ठेवून दिली, का येत नाही, सगळं. सासूबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"घाई म्या केली होती," त्या म्हणाल्या. "गानं त्यांनी लावलं, पन ट्रक म्या काडायला लावला." मग सुपातले तांदूळ पाखडले आणि म्हणाल्या, "दिवसा माईक तुज्या काकाचा. डीजे वरातीला."

दीर कुरकुरला. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

काका आला. विहिणीचं आमंत्रण होतं, नाही कसं म्हणणार? माझे आईवडील, काकू, आणि गावातली बरीच माणसं टेम्पोतून आली. आमच्या अंगणात भिंतीएवढे डीजेचे डबे उभे होते आणि त्यांच्या शेजारी काकाची पेटी. आता तबकडीच्या जागी टेप आला होता. काका म्हातारा झाला होता, वायर जोडायला त्याला चष्मा लागायचा. पण देवाचं वेळेवर लागलं, हळदीचं लागलं, वऱ्हाडाचं लागलं. मामा तिथेच घुटमळत होते. त्यांचे केस पांढरे झाले होते, गॉगल तसाच होता.

अक्षता पडल्या, मांडवात, रीतसर. भात उतरला. मी पातेलं आणि डाव घेऊन वाढायला निघाले होते. सासूबाई काकाच्या टेबलापाशी गेल्या.

"व्याही, भात झालाय. गानं लावा."

काकानं एक लावलं.

"ह्ये नाय. तुमचं."

काकानं मान खाली घातली. "त्ये नको, विहीनबाय. त्यानं एकदा नुसकान झालंय."

"म्हनून तर सांगतंय. लावा."

काकानं कॅसेटींचा डबा उघडला. सगळ्यांत तळाशी ती होती, तबकडीवरून त्यानं कधीतरी भरून घेतलेली. म्हणजे तो ती लावत नव्हता, पण प्रत्येक लग्नात बरोबर घेऊन जात होता. हे मला माहीत नव्हतं.

सनई लागली.

सासरचं गाव ढिम्म. त्यांना त्या सनईचं काय? ते गप्पा मारत बसले होते. आणि आमच्या धसईकडची माणसं, मांडवातली, झाडाखालची, टेम्पोतली, एका दमात उठली आणि पंगतीकडे निघाली. माझे वडील उठले. आई उठली. काकू उठली. पत्रावळीवर हात ठेवणारा तो म्हातारा आता नव्हता, पण त्याचा मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. आणि मी, या घरची थोरली सून, हातात वाफाळतं पातेलं, माझे पाय त्यांच्या मागे वळले. भूक लागली होती. सणकून लागली होती.

मामा काकाच्या कानाशी वाकून म्हणाले, "निम्मीच उठली."

"उठायची तीच उठली," काका म्हणाला.

मी भानावर येऊन थांबले. पाहुण्यांना वाढायचं सोडून सून पंगतीला बसते, हे कुठल्या घरात चालतं? मी परत फिरले तर समोर सासूबाई. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, डाव काढून घेतला.

"बस," त्या म्हणाल्या.

"आई, वाढायचंय अजून..."

"म्या वाढते. तू बस तुज्या मानसांत. गानं संपायच्या आत."

मी आईच्या शेजारी बसले. सासूबाईंनी पहिला भात माझ्या पत्रावळीवर वाढला आणि वर डाळ घातली. मी घास घेतला तेव्हा दुसरं कडवं चालू होतं. सुई नव्हती, टेप होता, तरी गाणं त्या जागी अडखळलं आणि ओळ गाळून पुढे गेलं. आमच्या सगळ्या ओळीनं गाणं तसंच म्हटलं, ओळ गाळून. सासरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कांदा कुठेही नव्हता.

काकाला माझी जागा दिसत नव्हती. मधे डीजेचे डबे होते. त्यानं मान लांब करून बघितलं, उठून बघितलं, आणि मग त्याला राहवेना. त्यानं माईक उचलला. समोर सगळा मांडव आहे, भोंगे थेट स्टेशनाकडे तोंड करून आहेत, हे तो विसरला.

"बाय," काका भोंग्यातून म्हणाला. "जेवलीस का गो?"

माझ्या तोंडात घास होता. सासूबाई पंगतीच्या मधे डाव हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांनीच तिथून ओरडून सांगितलं, "जेवतेय, व्याही, जेवतेय. तुमी गानं बंद करू नका."